सापडलेलं गाणं, दिलेलं गाणं

गणपतीच्या दिवसांत रात्रीची आरती झाली की आमच्याकडे गप्पांची बैठक बसते, आणि गप्पा गाण्यांवर आल्या की हल्ली वाद ठरलेला. साठीच्या आसपासची मंडळी म्हणतात, कोणतं गाणं ऐकायचं हे आता मोबाइलच ठरवतो, पोरांना स्वतःची आवड म्हणून उरलीच नाही. विशीतली मुलं म्हणतात, तुम्हाला रेडिओवाला लावील ते ऐकावं लागायचं, आम्हाला जगातलं कुठलंही गाणं हवं तेव्हा मिळतं, मग आवड खुंटली कुणाची? पुरवण्यांतल्या लेखांत आणि परिसंवादांत हाच वाद जरा जड शब्दांत चालतो. तिथे ‘अल्गोरिदम’ येतो, ‘अभिरुचीचा ऱ्हास’ येतो, पण दोन्ही बाजू बोलतात ते गाण्यांच्या पुरवठ्याबद्दलच. गाणी किती मिळतात, कोणती मिळतात, कोण पुरवतं. माझं म्हणणं वेगळं आहे. आपली रसिकता यंत्राने बिघडवलेली नाही, पण नुसत्या मुबलकतेने ती वाढलेलीही नाही. आपण एकमेकांना गाणं द्यायचं सोडलं, हे खरं नुकसान आहे. सापडलेलं गाणं आणि कुणीतरी दिलेलं गाणं यांत फरक असतो, आणि तो फरक या वादात कुणी विचारातच घेत नाही.

१९९१ साली मी शिकायला पुण्याला निघालो, तेव्हा माझ्या मामेभावाने मला एक कॅसेट भरून दिली. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. तेव्हा यादी आणि पैसे दिले की दुकानात कॅसेट भरून मिळायची, पण दादाने ती घरी, शेजाऱ्यांचा डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणून, दोन रात्री जागून भरली होती. बाजू संपताना शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून त्याने प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं मांडून बेरीज केली होती. ती पेन्सिलची आकडेमोड आतल्या कार्डाच्या मागे अजूनही आहे. पुढच्या बाजूला सोळा गाणी, प्रत्येकापुढे गायक, गीतकार, संगीतकार. आणि नवव्या गाण्यापुढे निळ्या शाईत एक ओळ : ‘दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी सारंगी ऐक. घाई करू नकोस.’ ते गाणं मला पहिल्यांदा मुळीच आवडलं नाही. फार संथ वाटलं. पण कॅसेटवर एखादं गाणं टाळायचं तर अंदाजाने बटण दाबून धरावं लागे, आणि दादाने मुद्दाम लिहिलंय म्हटल्यावर टाळणं बरंही वाटेना. होस्टेलच्या खोलीत पाचव्या की सहाव्या वेळी ते वाद्य मला खरोखर ऐकू आलं. आधीही ते तिथेच होतं. कान तिथवर पोचला नव्हता.

त्या एका ओळीत काय काय होतं ते पाहा. कुठे लक्ष द्यायचं ते होतं. थांब, लगेच निकाल देऊ नकोस, असा आग्रह होता. आणि मला हे आवडलंय, तुला आवडलं नाही तर मला वाईट वाटेल, अशी जोखीमही होती. यंत्र गाणं सुचवतं तेव्हा यातलं काहीच नसतं. मला गाणं आवडलं नाही तर त्याचं काही बिघडत नाही. ते दुसरं पुढे करतं, मग तिसरं. त्याच्या या सौजन्याचं आपल्याला फार कौतुक आहे, आणि मला नेमकं तेच खुपतं. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं गेलं असं धरतात. शास्त्रीय गायनातल्या अगदी संथ, अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनच, म्हणजे तालाची एक फेरीच, कधी कधी मिनिटाच्या घरात जाते, म्हणजे तीस सेकंदांत गायक पहिल्या समेवरही, फेरीच्या मुख्य मात्रेवरही, आलेला नसतो. ज्याला गोडी लागायला वेळ लागतो असं सगळंच संगीत या मापात तोट्यात जातं. आपण पुढे ढकललं की यंत्र समजतं, याला हे नको, आणि तशा वळणाचं काही पुन्हा समोर आणत नाही. ‘आणखी चार वेळा ऐक, मग बोल’ असं म्हणायला माणूसच लागतो, आणि तोही आपल्या जवळचा.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. माणसांनी माणसांना गाणी देण्याचा जो काळ आपण आठवतो, तो कुणाचा होता? ग्रामोफोन कुणाच्या घरी होता? रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकीला कोण जाऊ शकत होतं? घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना तिथे बसायला बंदी, ज्या गात त्यांना प्रतिष्ठा नाही, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर दाराशीही जागा नाही. रसिकांचं वर्तुळ म्हणजे पुष्कळदा जातीचं आणि ऐपतीचंच वर्तुळ होतं. ज्याला कॅसेट भरून देणारा दादा नव्हता त्याने काय करायचं? आज खेड्यातल्या मुलाच्या हातातला साधा मोबाइल त्याला आडनाव न विचारता अब्दुल करीम खाँसारखा थोर शास्त्रीय गायक ऐकवतो. ही गोष्ट लहान नाही, आणि ती बंद व्हावी असं म्हणणाऱ्याबरोबर मी नाही.

पण यातून निघतं काय? काही दालनं बंद होती म्हणून बाहेरचे लोक गाण्यावाचून बसले होते का? जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्या कुठे छापलेल्या नव्हत्या, कुणी वाजवून दाखवलेल्या नव्हत्या. पहाटे एका जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओवी दुसरीच्या तोंडात गेली. लेक सासरी गेली की माहेरच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या आणि तिथल्या जात्यावर सासरच्या ओव्यांत मिसळल्या. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी घ्या. प्रस्थापित मैफलींनी त्यांना बोलावलं नाही, तरी वस्त्यावस्त्यांतल्या गायनपार्ट्यांनी ती महाराष्ट्रभर नेली, आणि पुढे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागू लागले. दोनशे-तीनशे कोसांवरून आलेला माणूस एक कॅसेट घेऊन गावी परतायचा आणि ती अख्खी वस्ती ऐकायची. ज्यांना दारं बंद होती त्यांनीच गाणं द्यायचं काम सर्वांत निष्ठेने केलं, कारण त्यांच्याकडून गाणं पुढे गेलं नसतं तर ते संपलंच असतं. तेव्हा बंद वर्तुळांचा दोष मला मान्य आहे, पण त्यावर उपाय आणखी वर्तुळं हा आहे. प्रत्येकाने कानात बोंडं घालून एकटं बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप एका वैज्ञानिक प्रयोगातून आलेला आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, १४ हजारांवर श्रोते. काही श्रोत्यांना फक्त गाणी दाखवली. बाकीच्यांना आठ गटांत विभागून, आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसला की गर्दी गर्दीमागे गेली. वरची गाणी आणखी वर गेली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागटात बदललं. फार चांगलं गाणं सहसा बुडालं नाही, फार वाईट सहसा तरलं नाही, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे माणसं एकमेकांचं पाहून ऐकतात तेव्हा आवड शहाणी होतेच असं नाही, ती मेंढरांसारखीही वागते. मग माणसाच्या शिफारशीचं एवढं कौतुक कशाला?

आक्षेप जोरदार आहे, पण तो कुणाला लागू पडतो ते नीट पाहू या. त्या प्रयोगात कुणी कुणाला काही सांगितलं होतं का? नाही. श्रोत्यासमोर फक्त एक आकडा होता. आकडा म्हणजे दादा नव्हे. किती जणांनी घेतलं हे तो सांगतो. का घेतलं, कुठे ऐकायचं, पहिल्यांदा रुचलं नाही तर काय करायचं, यातलं काही सांगत नाही. प्रयोगाने जे उघडं पाडलं ते लोकप्रियतेच्या यादीचं दुबळेपण आहे. किती कोटी वेळा पाहिलं गेलं हे प्रत्येक गाण्याखाली लिहिणाऱ्या आजच्या व्यवस्थेलाच ते सर्वांत जास्त लागू पडतं. मी ज्या देण्याबद्दल बोलतोय त्यात आकडाच नसतो. देणारा एक आणि घेणारा एक.

शिवाय यंत्र विरुद्ध माणूस ही मांडणीच खोटी आहे. स्पॉटिफायने २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला नवी यादी द्यायला सुरुवात केली. तिच्या मुळाशी काय होतं? लोकांनी स्वतः केलेल्या याद्या. अमुक गाणं ज्यांनी आपल्या यादीत घेतलं त्यांनी तमुकही घेतलं, तुमच्याकडे पहिलं आहे, दुसरं नाही, तर घ्या. हिशेब किचकट असला तरी कच्चा माल माणसांची निवड हाच आहे. कुणीतरी कुठेतरी बसून, विचार करून, या गाण्यानंतर ते गाणं लावलं म्हणून यंत्राला ते कळलं. मग सगळेच जण यंत्र देईल ते ऐकत बसले, स्वतः कुणी काही निवडलंच नाही, तर यंत्र शिकणार कुणाकडून? विहिरीतलं पाणी उपसून विहिरीतच ओतलं तर रान भिजत नाही.

आपल्याकडे हा वाद एकदा याहून मोठ्या आवाजात होऊन गेला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, संगीताचा अभ्यास असलेला. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते हे त्यांचं प्रामाणिक मत होतं, आणि त्यांच्या काळात रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचं बटण फिरवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. त्याच साली तिथे बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना घरात घ्यावं लागलं. ही कथा सहसा ‘लोक जिंकले, मंत्री हरले’ अशी सांगतात आणि तिथेच संपवतात. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. गाणी ऐकायला मिळाली एवढ्यावर लोक थांबले नाहीत. पहिल्याच गीतमालेला नऊ हजार पत्रं आली असं तिचे निवेदक अमीन सायानी सांगत. गावोगावी श्रोता संघ निघाले. आजच्या झारखंडातलं अभ्रकाच्या व्यापाराचं झुमरी तलैया हे गाव तर देशभर कळलं ते केवळ फर्माइशींमुळे. आता विचार करा : गाणं तर तसंही वाजणारच होतं, मग पोस्टकार्ड घेऊन, नाव-गाव लिहून, डाकेत टाकून, आठवडेच्या आठवडे वाट कशासाठी पाहायची? कारण गाण्याबरोबर आपलं नाव जावं अशी इच्छा होती. रेडिओवरच्या ‘आपली आवड’ या फर्माइशींच्या कार्यक्रमात सांगलीच्या अमक्यांनी आणि परभणीच्या तमक्यांनी एकच गाणं मागितलेलं असायचं. एकमेकांना कधीही न भेटणारी ती माणसं तेवढ्या तीन मिनिटांत एका पंगतीला बसत होती. यात भाबडेपणा होता म्हणून कुणी हसेल. मला त्यात गाण्याची जबाबदारी घेणं दिसतं : हे मला आवडतं, आणि हे माझं नाव.

ऐकणाऱ्यांच्या या आस्थेने किती मोठं काम केलं आहे त्याचं एकच उदाहरण देतो. १९४९ साली ‘महल’ आला. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. त्या काळी पद्धतच तशी होती, पात्र गातं, गायिका नाही. गाणं रेडिओवर वाजलं आणि हे गातंय कोण, अशी विचारणा सुरू झाली. पत्रं आली, फोन आले. शेवटी रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे विचारलं आणि लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना सांगण्यात आलं. आज आपल्याकडे माहितीचा तुटवडा नाही, पण पडद्यावर एक चित्र असतं, गायकाचं नाव असतं, आणि कवी कोण, साथीला कोण, हे शोधावं लागतं किंवा नसतंच. विचारतो कोण? गाणं मागोमाग येतच असेल तर विचारायला सवड कुठे? तबकडी संपली की सुई उचलायला उठावं लागायचं, आणि त्या उठण्यात प्रश्न पडायला जागा होती.

तेव्हा दोष द्यायचाच तर तो आपल्या सवयीला द्यायला हवा, आणि इथे मी साठीच्या मंडळींनाही सोडणार नाही. यंत्राने रसिकता मारली म्हणणारे हेच लोक सकाळी सातपासून कुटुंबाच्या ग्रुपवर गाण्यांच्या लिंका टाकत असतात. एका दिवसात आठ. सोबत एक शब्द नाही. स्वतः शेवटपर्यंत ऐकलेलं असतंच असं नाही. खाली चार अंगठे आणि दोन हात जोडलेले. याला देणं म्हणत नाहीत, हे पुढे ढकलणं आहे. घेणाऱ्यालाही ते कळतं, म्हणून तो उघडत नाही. आणि मग तक्रार, की मुलं आमचं काही ऐकत नाहीत. आठ गाण्यांऐवजी एक गाणं, कवी-संगीतकाराचं नाव आणि ‘अमुक ठिकाणी लक्ष दे’ अशी एक ओळ, एवढं पाठवून पाहावं. वेळ लागतो, कारण आधी आपल्याला ते गाणं नीट ऐकावं लागतं.

आणि हे एकट्यादुकट्याने करायचं काम आहे असंही नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश केला. १९३१ ते १९८० अशी पन्नास वर्षांची गाणी, आणि ते काम उभं राहिलं ते देशभरच्या गाणंवेड्यांच्या मदतीवर. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली. एकाने आपल्याकडची तबकडी आणायची, सगळ्यांनी ऐकायची, मग बोलायचं. महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांना सभागृहं आहेत, बहुतेक संध्याकाळी ती रिकामी असतात. महिन्यातून एक संध्याकाळ, पाच माणसं, प्रत्येकाने एक गाणं आणायचं आणि ते का आणलं ते सांगायचं. यासाठी अनुदान लागत नाही. एक बरा स्पीकर लागतो. आणि आलेल्यात एक भीमगीत गाणारा असावा, ओव्या येणारी एक आजी असावी, कानात बोंडं घालून आलेला एक पोरगाही असावा. नाहीतर पुन्हा तेच जुनं वर्तुळ.

या वर्षी आरतीनंतरच्या त्या वादात मी फारसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीला ते नववं गाणं पाठवलं. ती एकोणीस वर्षांची आहे, दिवसभर कानात काहीतरी वाजत असतं. सोबत दादाचीच ओळ लिहिली : दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी सारंगी ऐक, घाई करू नकोस. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या रात्री तिचा फोन आला. ‘मामा, गाणं सात वेळा ऐकलं. पण ती सारंगी नाहीये. तारशहनाई आहे.’ म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, मध्यंतरी मोबाइलनेच कुठल्याशा जुन्या वाद्यवृंदातल्या वाद्यांचं काहीतरी पुढे आणलं होतं, त्यात तो आवाज ऐकला होता आणि डोक्यात राहिला होता. तारशहनाई गजानेच वाजवतात, पण आवाज धातूच्या कर्ण्यातून येतो, म्हणून त्याला ती नाकातली धार असते. मी कॅसेटचं कार्ड समोर ठेवून पुन्हा ऐकलं, आणि तीस वर्षांहून जास्त काळ सारंगी म्हणून ऐकलेला तो तुकडा मला नव्यानेच ऐकू आला. लगेच दादाला फोन लावला. त्याला अजून पटलेलं नाही. येत्या रविवारी तो यायचा आहे, भाचीलाही बोलावलंय, तिघं बसून ऐकणार आहोत.